अंबादासच्या स्वयंपाकघरातला नळ

एका गावात एक भोळा माणूस राहत होता. गावाला त्याचं काही नव्हतं. काळजी होती ती त्याच्या बायकोला. त्याचं नाव अंबादास. सांगितलेलं कधी मोडायचा नाही, एवढाच त्याचा दोष. एकदा देवळातले गुरव त्याला म्हणाले, "मी येईपर्यंत समईवर लक्ष ठेव." आणि ते लग्नाला परगावी गेले. दुसऱ्या दिवशी परत येऊन बघतात, तर अंबादास तिथंच बसलेला. समई कधीच विझलेली.

"अरे, तेल नाही का घालायचं?"

"लक्ष ठेव म्हनाला होता. ठेवलंय."

बायको सुमन मात्र तिखट आणि हुशार. ती अंगणात शेवाळावरून हंड्यासकट घसरली आणि तिचं उजवं मनगट मोडलं. प्लास्टर काढताना डॉक्टरांनी बजावलं, "दोन महिने भरलेली बादली उचलायची नाही. हाड वाकडं बसलं तर पुन्हा मोडून बसवावं लागेल." सुमन सापाला भीत नसे, सासूला कधी भ्यायली नव्हती, पण या वाक्याला ती भ्याली.

अडचण अशी होती की त्यांच्या घरी पाणी होतं आणि नव्हतंही. पत्र्यावर टाकी. तिला दोन नळ. एक अंगणात, जमिनीपासून वीतभर वर. त्याला धो धो पाणी. दुसरा स्वयंपाकघरात, ओट्यावर. त्याला करंगळीएवढी धार. म्हणून सुमन अंगणात बादल्या भरायची आणि आत वाहून आणायची. आता ते बंद. आणि अंबादास सकाळी कामावर गेला की बादली उचलायला घरात दुसरं कुणी नव्हतं.

अंबादासला फार वाईट वाटलं. तो म्हणाला, "सांग, काय करू?"

"तालुक्याला जावा. ओट्यासाठी चांगला नळ आना."

"एवढंच ना?" अंबादास म्हणाला आणि निघाला.

तालुक्यात गुगळेशेठचं हार्डवेअरचं दुकान होतं. अंबादास म्हणाला, "चांगला नळ द्या." शेठनं दुकानातला सगळ्यात चांगला नळ काढला. बगळ्यासारखी उंच मान, लख्ख चकाकी, तोंडाला बारीक जाळी. शेठ म्हणाले, "यातून पाणी कसं फेसाळ येतं बघा. बंगल्यांमध्ये हाच लावतात."

अंबादासनं तो घरी आणून बसवला. त्या दिवशी टाकी रिकामी होती, म्हणून बसवताना काही घडलं नाही. दुसऱ्या दिवशी टाकी भरली. सुमननं डाव्या हातानं नळ सोडला. टप. मग टपटप. मग दोऱ्याएवढी धार.

सुमन म्हणाली, "अहो, नळ घ्यायच्या आधी आपल्या घरचं पानी बघायचं असतं!"

"एवढंच ना?" अंबादास म्हणाला. त्यानं कळशी भरून घेतली, एसटीत मांडीवर धरली आणि गुगळेशेठच्या काउंटरवर नेऊन ठेवली.

शेठ म्हणाले, "मला प्यायला?"

"न्हाई. बघायला."

शेठनं कळशीत डोकावून पाहिलं. गिऱ्हाइकाला नाही म्हणायची त्यांची पद्धत नव्हती. "छान आहे," ते म्हणाले.

"मग ह्याला शोभंल असा नळ द्या."

शेठनं कपाळाला हात लावला. "अहो, पाणी नाही बघायचं. पाण्याचा जोर बघायचा. घरी जा. नळाखाली बादली ठेवा. समोर घड्याळ ठेवा. भरायला किती वेळ लागतो ते मला येऊन सांगा."

अंबादास घरी आला. नळाखाली बादली ठेवली. समोर घड्याळ ठेवलं. आणि बघत बसला. नऊ वाजले, दहा वाजले, अकरा वाजले. सुमन शेजारणीकडून परत आली तेव्हा बादली कोरडी ठणठणीत होती.

"काय चाललंय?"

"बादली भरतोय. लई वेळ घेतीया."

"नळ सोडलाय का?"

"सोडा असं शेठ बोलले न्हाईत."

सुमननं डोळे मिटून घेतले. ती एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "पान्याचं कुठलंबी काम करायचं, तर आधी नळ सोडायचा. आधी. नळ. सोडायचा."

अंबादासला हे फार पटलं. इतकी सोपी गोष्ट आपल्याला आजवर कुणी सांगितली कशी नाही, याचं त्याला नवल वाटलं. त्यानं नळ सोडला, बादली भरली आणि शेठला जाऊन सांगितलं, "बावीस मिन्टं."

"बावीस?" शेठ म्हणाले. "अहो, तीन-चार मिनिटांत बादली भरते, त्या घरासाठी तो नळ. तुमच्या पाण्याला तो झेपायचा नाही. तुम्हाला साधा, रुंद तोंडाचा, बिनजाळीचा नळ पाहिजे. एक ध्यानात ठेवा. जोर कमी असला की जाळी काढून टाकायची. जाळी वाट अडवते."

"एवढंच ना?" अंबादास म्हणाला. रुंद तोंडाचा नळ पिशवीत टाकून तो घरी आला. वाटभर तो मनाशी घोकत होता, जोर कमी, जाळी काढा. जोर कमी, जाळी काढा.

घरी सुमननं चहा उकळत ठेवला होता आणि ती अंगणात वाळवणाला पाखरं लागली म्हणून गेली होती. अंबादास चहा गाळायला लागला. गाळणीतून चहा थेंब थेंब पडत होता. जोर कमी! त्यानं गाळणीची जाळी कापून काढली. चहा भसकन कपात पडला, पत्तीसकट. त्याला हुरूप आला. पिठाची चाळणी घेऊन बघितली. पीठ अगदी सावकाश पडत होतं. तिचीही जाळी काढली. मग त्याला उकडायला लागलं. खिडकीच्या जाळीतून वारा येत होता, पण बेताचाच. अंबादास खिडकीपाशी गेला.

सुमन आत आली तेव्हा शेजारचं मांजर खिडकीतून आत येऊन दुधाच्या पातेल्यात तोंड घालून उभं होतं, आणि अंबादास वारा खात बसला होता.

"जाळी नळाची काढायची होती!" सुमन ओरडली.

"नळाला जाळी कुठाय?" अंबादासनं पिशवीतून नवा नळ काढून दाखवला. "ह्यो बिनजाळीचाच हाय."

सुमन ओट्यावर जाऊन बसली. तिचं मनगट ठणकत होतं आणि चहात पत्ती तरंगत होती. "ते राहू द्या," ती म्हणाली. "आधी तो नळ बसवा."

अंबादासनं पाना घेतला. पाण्याचं काम. म्हणजे आधी काय करायचं? त्यानं जुना नळ पूर्ण सोडला, आणि मग पान्यानं फिरवून उपटून काढला. भिंतीतल्या पाइपातून पाणी उसळून त्याच्या छातीवर आलं. तिथून जमिनीवर, जमिनीवरून डब्यांखाली, डब्यांखालून थेट देव्हाऱ्यापर्यंत. सबंध टाकी घरात रिकामी झाली. गावाला पाणी एक दिवसाआड यायचं. सुमन पाय वर घेऊन ओट्यावरच बसून राहिली.

"जोर तर चांगला हाय की," अंबादास म्हणाला.

"अहो!" सुमनला रडू येत होतं, पण आधी राग आला. "नळ बसवायचा म्हंजी आधी ह्या पायपाचा कॉक बंद करायचा! तो बघा, पत्र्याच्या कडेला! तो कॉक! बंद करायचा!"

"एवढंच ना?" अंबादास म्हणाला. अंगणात जाऊन त्यानं कॉक बंद केला, हातानं पिळला, पान्यानं आणखी पिळला. मग आत येऊन नवा नळ बसवला. आणि खरं सांगायचं तर उत्तम बसवला. त्या नळातून एक थेंबही गळत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सुमनला हात दाखवायला तालुक्याला जायचं होतं. डॉक्टर शेक देणार होते, म्हणून ती तीन दिवस बहिणीकडेच राहणार होती. निघताना तिनं नवऱ्याला समोर उभं केलं.

"मी येईन तवा स्वैपाकघरात धो धो पानी दिसलं पायजे. कुठं अडलं तर शेठला इचारा. ते सांगतील तसंच करा. आपलं डोकं चालवू नका."

हे अंबादासला सांगायची गरज नव्हती.

टाकी भरली. अंबादासनं ओट्यावरचा नळ सोडला. पाणी नाही. करंगळीएवढं नाही, टपटपसुद्धा नाही. सुमन येईल, नळ सोडेल, आणि मग बादली उचलायला अंगणात जाईल. हाड वाकडं बसेल. तो धावतपळत दुकानात गेला.

"शेठ, नवा नळ लावला तर व्हतं तेबी पानी गेलं!"

"कॉक बघितला का?"

"बघितला. एकदम घट्ट हाय."

शेठ विचारात पडले. "मग उंचीचाच दोष. टाकी नळाच्या किती वर आहे?"

"दोन हात."

"हात्तिच्या! दोन हातांत काय जोर येणार? सहा हात तरी पाहिजे. तुमच्या अंगणातल्या नळाला जोर का, तर तो खाली आहे म्हणून. टाकी आणि नळ यांच्यातलं अंतर वाढवा, नळ कुठलाही लावा, धो धो पाणी येईल."

"एवढंच ना?"

"एवढंच," शेठ म्हणाले. त्यांना जेवायला जायचं होतं.

अंबादास घरी आला. पत्र्यावर टाकीखाली विटा रचून बघाव्यात म्हणून वर चढला, तर पत्रा करकरला. टाकी वर जायची नाही. तो खाली बसला आणि त्यानं हिशेब केला. दोन हात आहेत. सहा पाहिजेत. चार कमी पडतात. टाकी वर जात नसेल तर काय झालं? अंतर ते अंतर.

खोदकाम त्याच्या हातचं होतं. गावातल्या निम्म्या डाळिंबबागांचे खड्डे त्यानंच खोदलेले. त्यानं ओट्यासमोरची फरशी उचलली आणि कुदळ घातली. पहिल्या दिवशी एक हात झाला. दुसऱ्या दिवशी मुरूम लागला, तरी दोन हात झाले. तो जेवायला वर येत नसे, भाकरी तळाशी बसूनच खायचा. तिसऱ्या दिवशी मोजून चार हात भरले. कडा तासल्या, पाइप वाढवला, आणि रुंद तोंडाचा नळ खड्ड्याच्या तळाशी नेऊन बसवला. शिडी लावली. इतकं नेटकं काम त्यानं बागायतदारांकडेही कधी केलं नव्हतं.

दुपारच्या एसटीनं सुमन आली. डॉक्टर म्हणाले होते, हाड छान धरतंय, अजून महिनाभर सांभाळा. ती खुशीत होती. तिनं स्वयंपाकघरात पाऊल टाकलं आणि तसंच मागे घेतलं.

"अहो?"

"हितं हाय," खालून आवाज आला.

सुमननं खड्ड्यात पाहिलं. तळाशी अंबादास उभा होता, मुरमानं माखलेला, बाजूला बादली. त्यानं तिला सगळं सांगितलं. दोन हात, सहा हात, शेठ काय म्हणाले, पत्रा कसा करकरला. "फकस्त पानी अजून येत न्हाई," तो म्हणाला आणि त्याचा चेहरा पडला. "मी अजून दोन हात खनू का?"

सुमन अंगणात गेली. पत्र्याच्या कडेचा कॉक तिनं डाव्या हातानं, सगळा जोर लावून, उघडला.

आत एकदम आवाज झाला. खड्ड्यात नळाला असं पाणी आलं की बादली कलंडली. "आलं! आलं!" अंबादास नाचायला लागला. "सुमन, आलं! मिन्टात भरली बघ बादली!"

सुमन काठाशी येऊन बसली. तीन दिवसांत पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते कशाचं हे तिचं तिलाही कळेना. माणूस तिच्यासाठी चार हात मुरूम खणून बसला होता. "अन् ती बादली शिडीनं वर कोन आननार?" तिनं विचारलं. "तुम्ही कामावर गेल्यावर?"

अंबादास थांबला. हे त्याला कुणीच सांगितलं नव्हतं. त्यानं भरलेल्या बादलीकडे पाहिलं. शिडीकडे पाहिलं. वर बायकोच्या मनगटाकडे पाहिलं. मग खाली आपल्या पायांकडे पाहिलं. खड्ड्यातलं पाणी जायला वाट नव्हती. ते त्याच्या पोटऱ्यांवर चढलं होतं. हळूहळू त्याचा चेहरा उजळला.

"बादली कशाला उचलायची?" तो वर बघून म्हणाला. "तू ओट्यावर बसून राहा. नळ मी चालूच ठिवतो. आता पोटऱ्याला हाय, घटकाभरात कमरंला येतंय. दिवस मावळायच्या आत पानी आपल्या पायानं तुझ्या ओट्याला लागंल!"