मागच्या दाराचं गप्प कुलूप

गाड्यांच्या काचा हातानं खालीवर करायचं नुकतंच सुटलं होतं, तेव्हाची गोष्ट. एका गाडीच्या चार दारांना चार कुलपं होती. चालकाजवळचं थोरलं कुलूप "मिटा!" म्हणालं, की बाकीची तिन्ही खट्कन मिटायची.

एक दिवस मागचं धाकटं कुलूप गप्पच राहिलं. थोरल्यानं पुन्हा हुकूम सोडला, तरी गप्प.

"माजलंय मेलं! उपटून फेका त्याला," थोरलं कडाडलं. गॅरेजात गाडीचा मालकही तेच म्हणाला. दस्तगीर मिस्त्रीनं धाकट्याला काढून भंगारात टाकलं आणि नवं कुलूप बसवलं.

नवंही गप्प!

मग वीज येते का बघायला मिस्त्रीनं वायरीला टेस्टिंगचा बल्ब लावला. तो पेटेना. दाराच्या सांध्यातली रबरी नळी सरकवली, तर आतली वायर रोजच्या उघडझापीनं तुटलेली.

"अरारा! कुलूप चांगलंच होतं की," मिस्त्री हळहळला.

बल्ब थोरल्याला म्हणाला, "दादा, तुमची हाक त्याच्यापर्यंत पोचतच नव्हती. बिचारं कान लावून बसलं असेल."

"आणा त्याला परत!" थोरलं कळवळलं. पण भंगारवाला केव्हाच येऊन गेला होता.

वायर जोडली. आता थोरल्यानं हाक दिली, की मागून नव्याचं खट् येतं, अगदी वेळेवर. तेच त्याला सोसवत नाही.