केवडीच्या चुलीतला विस्तव

एका राज्यात जमीन थोडी आणि पाणी फार. समुद्राच्या हातातली बांगडी फुटावी आणि तुकडे गोल पडून राहावेत, तशी तिथली बेटं. ओहोटीला मोजली तर बावीस, भरतीला एकोणीस. तीन बेटं रोज बुडी मारायची, म्हणून त्यांच्यावर कुणी संसार मांडला नाही. बांगडीच्या आत हिरवं, न्हाणीतल्यासारखं कोमट पाणी. बाहेर काळा समुद्र, त्याची थट्टा कुणी करत नसे. सगळ्यात उंच जागा म्हणजे राजाचं सिंहासन, तेही वाळूच्या ढिगावर मांडलेलं. माणसं किती? राजा धरून चव्वेचाळीस. सैन्यात दोघे. त्यातला एक स्वयंपाक करायचा, आणि लढण्यापेक्षा तोच बरा करायचा.

माणूस राहायचा तीनच बेटांवर. उगवतीच्या बेटावर राजा आणि राणी कमळजा. मावळतीच्या बेटावर त्यांची एकुलती लेक पोवळी दिलेली. आणि मधल्या बेटावर, केवड्याच्या बनात, केवडी नावाची म्हातारी, एकटी. ती जादूगारीण होती. खेकड्यांना माडावर चढवून नारळ उतरवायची आणि मजुरीला त्यांना खोबरं द्यायची. बाकीची बेटं पाखरांची आणि कासवांची.

ओहोटी लागली की बेटाबेटांमधला खडक वर यायचा. घोटाभर पाण्यातून चालत जायचं, भरतीच्या आत परत यायचं. केवडी रोज यायची राजाच्या घरी, हातात खापरी घेऊन.

"विस्तव दे गं, राणे."

विस्तव घ्यायला किती वेळ लागतो? केवडीला दोन घटका लागायच्या. उंबऱ्यावर बसायची आणि बोलत सुटायची. कोणता खेकडा कुणाशी भांडला, कोणत्या कासविणीने कुठे अंडी घातली. राणी हूं हूं करायची आणि तिकडे कालवण करपायचं.

एक दिवस राणीने खेकड्याची गोष्ट अर्ध्यात तोडली. खापरीत निखारे घातले आणि वर एक चकमकीचा दगड ठेवला.

"आजी, रोज एवढं चालता, पाय दुखतात तुमचे. ही चकमक घ्या. आता तुम्हाला कुणाकडे मागायला नको."

केवडीने दगडाकडे पाहिलं, राणीकडे पाहिलं.

"नको म्हणतेस? बरं. ज्याला गरज नाही, त्याला वाट नाही."

एवढं बोलून ती गेली. तिच्या पाठीमागे भरती आली, ती उतरलीच नाही. खडक बुडाला तो बुडालाच. होडी घालावी, तर ती बांगडीच्या कडेकडेने गोल फिरून आपल्याच दारात. पहिल्या दिवशी लोकांना गंमत वाटली. राजा तर तीनदा फिरून आला.

असे सात महिने गेले. मग एका सकाळी सुरय नावाचा पांढरा पक्षी सिंहासनाच्या पाठीवर येऊन बसला आणि माणसासारखं बोलला.

"राजा, पोवळीला नववा लागलाय. घरात दुसरी बाई नाही. विचारते, आई न्यायला कधी येते?"

पहिलं बाळंतपण, आणि माहेर डोळ्यांसमोर असून पोचता येईना! राणीच्या हातातली वाटी खाली पडली. राजाने मुकुट काढून लंगोट कसला.

पहिल्यांदा तो सरळ लेकीच्या बेटाकडे निघाला. सैन्य वल्ह्यावर बसलं, दोघंही. दुपारी होडी धक्क्याला लागली. राजा आनंदाने उडी मारून उतरला आणि हाक मारली, "पोवळे!"

"आली असती," राणी म्हणाली, "पण हे आपलंच घर आहे."

सुरय हसला. पाखरं हसतात, ऐकावं लागतं.

"राजा, वाट म्हातारीने बांधली. सोडायचीही तिनेच."

दुसऱ्यांदा राजा केवडीकडे निघाला. होडीत लुगडी, गूळ, मोत्यांची माळ. होडी पुन्हा दारात. मोती हलले नाहीत, गुळाला मात्र मुंग्या लागल्या.

"आता काय चुकलं?" राजाने विचारलं.

"द्यायला निघालास," सुरय म्हणाला. "देणाऱ्याला कसली गरज?"

राणी तशीच उठली. चुलीत पाच पिढ्यांचा विस्तव होता, रोज राखेखाली पुरून जागवलेला. तिने घागर उचलली आणि ओतली. चूल ओरडली, घरभर धूर झाला.

"राणी! हे काय केलंस? विस्तव मागायचा, तर नुसतं मागता येतं की!"

"खोटं मागणं तिला कळतं. आणि चकमक तर मीच देऊन बसले. आता आपल्याकडे नाही, म्हणून जाते."

तिसऱ्यांदा राणी एकटी निघाली. हातात वल्हं, मांडीवर रिकामी खापरी. होडी फिरली नाही. नाकासमोर गेली आणि केवड्याच्या बनात लागली.

केवडी दारातच बसली होती. सात महिन्यांत अर्धी झाली होती.

"आजी, विस्तव द्या. माझी चूल विझली."

"विझली की विझवलीस?"

"विझवली."

केवडीच्या ओठाची कड हलली. "बस. त्या दिवशी खेकड्याची गोष्ट अर्धी राहिली."

राणीचा जीव लेकीकडे. एकेक घटका मोलाची. पण ती बसली. केवडीने गोष्ट सांगितली, अगदी पहिल्यापासून. खेकड्याची बायको, तिचा भाऊ, भावाचा तुटलेला नांगा, काही सोडलं नाही. राणीने हूं हूं केलं नाही. विचारलं, "मग नांगा परत आला का?"

"आला की! पण उलटा!"

राणी हसली. म्हातारीही हसली, आणि हसता हसता तिने पदर डोळ्यांना लावला.

"मी काय विस्तवाला येत होते गं? या बेटावर माझ्याशी बोलायला खेकडेच. तेही आडवे."

"चुकलं माझं, आजी."

केवडीने उठून चुलीतली राख बाजूला सारली. खाली लाल निखारे.

"तुझी चकमक मी समुद्रात फेकली. हा त्या दिवशी दिलेला विस्तव. तुझ्याच चुलीतला. विझू दिला नाही."

राणीने खापरी पुढे केली. तेवढ्यात होडीमागोमाग उडत आलेला सुरय ओरडला, "पाणी बघा! पाणी!"

होडी वाळूवर कलंडली होती. पाणी उतरलं होतं, आणि खडक ओला चमकत होता, बेटापासून बेटापर्यंत. मावळतीकडून पोवळी येत होती. एक हात नवऱ्याच्या खांद्यावर, एक कमरेवर.

"आई, घरापर्यंत जमत नाही गं!"

"नको जाऊस," केवडी म्हणाली. "सावकाश ये. पाणी मी धरून ठेवते. मधे माझं घर आहे, ते कशाला?"

त्या दिवशी ओहोटी दुप्पट वेळ थांबली. केवडीच्या झोपडीत मुलगी झाली. केवडीनेच नाळ कापली, आणि शेगडीत त्याच निखाऱ्यांनी बाळबाळंतिणीला शेक दिला. उगवतीकडून राजा धावत आला, मागून सैन्य. स्वयंपाक करणाऱ्याने आल्या आल्या पेज टाकली.

तेव्हापासून त्या राज्यात एका वेळी एकच चूल जागती ठेवतात, पाळीपाळीने. बाकीचे खापरी घेऊन जातात, उंबऱ्यावर बसतात आणि भरती पायाला लागली की उठतात. कालवणं करपतात. कुणी काही म्हणत नाही. माणसं आता पंचेचाळीस. बेटं तेवढीच.

त्यांची वाट उघडली, तशी ऐकणाऱ्याच्या दारची उघडी राहो. आता उठा, आणि घरात असलेलं काहीतरी शेजारी जाऊन मागून आणा.