काथ्याची शीट

रत्नागिरीच्या रुक्साना फणसोपकर होड्यांसाठी फायबरची शीट बनवत. रेझिनमध्ये त्या नारळाचा काथ्या घालत, म्हणून शीट तडकत नसे. एका बड्या कंपनीने त्यांच्यावर दावा ठोकला, की हे आमचं पेटंट आहे, कारखाना बंद करा. तिथे अकरा बायका कामाला होत्या.

कोर्टात कंपनीचे शास्त्रज्ञ डॉ. आठलेकर ऐटीत साक्षीला उभे राहिले. रुक्सानाबाईंनी शीटचा एक तुकडा त्यांच्यापुढे धरला. "साहेब, नीट बघा. काहीतरी फरक असेलच ना?"

आठलेकरांनी भिंग लावून पाहिलं आणि ते हसले. "कसला फरक? काथ्या तोच, थर तेवढेच. ही आमच्या पेटंटची हुबेहूब नक्कल आहे. शपथेवर सांगतो."

"एवढं लिहून घ्या," बाई न्यायाधीशांना म्हणाल्या. "हा तुकडा माझ्या भावाच्या होडीच्या छपराचा. छपरासकट नोंदणी झाल्याचा हा दाखला. होडी चौदा वर्षांची, पेटंट सहा वर्षांचं. आता नक्कल कुणी कुणाची केली, तेही साहेबांनीच शपथेवर सांगावं."

आठलेकरांचा चेहरा उतरला. "तुकडा पुन्हा देता का? बारीकसा फरक असेल बहुतेक."

न्यायाधीशांनी मात्र तुकडा पुरावा म्हणून जमा करून घेतला होता.