आवडाबाई आणि थांबलेली लाट

एक होता राजा. राजा होता, मुकुटही होता, पण राज्य मात्र एवढंसं. दूर दक्षिणेला, जिथे ऊन आणि पाऊस वर्षभर एकमेकांच्या पाठीला पाठ लावून बसतात, तिथे समुद्रात तीन बेटं होती. थोरलं, मधलं आणि धाकटं. झालं, संपलं राज्य! राजा थोरल्या बेटावर शिंकला, की मधल्या बेटावरची माणसं "शतायुषी व्हा" म्हणायची. इतकं लहान, बरं का!

हसू नका. लहान असलं तरी त्यात सगळं होतं. एक डोंगर होता. पण चढायला लागलं, की तोंडातलं पान संपायच्या आत माथा यायचा. एक शाळा होती, एक मास्तर होते. घरांना माडाच्या झावळ्यांची छपरं होती. नारळ तर असे, की माणसं खालून चालताना आधी वर बघायची आणि मग पुढे. चारी बाजूंना पाणीच पाणी, पण सगळं खारं. प्यायला गोड पाण्याची विहीर एकच, ती थोरल्या बेटाच्या मधोमध.

त्या विहिरीवर पाणी वाटायचं काम आवडाबाईचं. रोज सकाळी ती कासोटा खोचून उभी राहायची आणि दर घराला दोन दोन घागरी मोजून द्यायची. ना एक जास्त, ना एक कमी. घरात पाहुणं आलं तरच तिसरी. त्यामुळे काय व्हायचं, की कुणाच्या घरात काय चाललंय हे तिला सगळ्यांच्या आधी कळायचं.

"काय गं, आज तिसरी घागर? माहेरचं कोण आलंय वाटतं!"

"आलीय बहीण. तुला कुणी सांगितलं?"

"घागरीने सांगितलं. घे, आणि बहिणीला म्हणावं, इथे रोज डोकं धुवायचं नाही."

तिला एकच मुलगी. मंजुळा नाव. होडी वल्हवण्यात तिचा हात धरणारं त्या तीन बेटांत कुणी नव्हतं. म्हणून ती तांडेल झाली होती. तांडेल म्हणजे होडीचा मुख्य माणूस. तर ती मंजुळा सहा होड्या आणि तेरा सोबती घेऊन लांब खोल पाण्यात मासळीला गेली होती. जाऊन चार दिवस झाले होते.

आता त्या बेटांची एक रीत होती, ती नीट ऐका. माणूस दर्यावर गेलं, की परत येईपर्यंत त्याचं नाव घ्यायचं नाही. त्यांना वाटायचं, दर्याने नाव ऐकलं की तो त्या नावाने हाक मारतो, आणि त्याच्या हाकेला ओ दिली की माणूस परत येत नाही. म्हणून सगळे नुसतं 'बाहेरचं माणूस' म्हणायचे. आवडाबाईसुद्धा चुलीशी बसून पुटपुटायची, "बाहेरचं माणूस जेवलं असेल का गं बाई?" पण मंजुळा हे नाव काही ती तोंडातून काढायची नाही.

मग एका सकाळी काय झालं! भरती आली. रोज येते तशीच आली. पण एक लाट आली ती किनाऱ्यावर येऊन उभीच राहिली. माडाएवढी उंच, हिरवीगार, आतून मासे पोहताना दिसतायत. पडेना, मागे जाईना, नुसती उभी. आणि त्या लाटेतून शंखातून यावा तसा आवाज आला.

"मी दर्या. शंभर वर्षांनी एकदा माझी हद्द बघायला येतो. तीन सकाळी येईन आणि तीन गोष्टी विचारीन. जे तुमचं म्हणून सांगाल, ते तुमचं. जे सांगायचं राहील, ते माझं. आज सांगा, तुमची जमीन किती?"

राजाचा मुकुट घसरून कानावर आला. त्याने प्रधानजींना पुढे ढकललं. प्रधानजी मोठे हुशार. त्यांनी छाती काढली आणि घडाघडा सांगितलं. थोरलं बेट, मधलं बेट, धाकटं बेट, डोंगर एक, खाड्या दोन, पुळणी चार. सांगून झालं आणि प्रधानजी मिशीवरून हात फिरवायला लागले.

तेवढ्यात मागून आवडाबाई ओरडली, "अहो, ती कासवांची वाळू! ओहोटीला उघडी पडते ती!"

पण उशीर झाला. लाट तोवर हलकेच खाली बसली होती, आणि धाकट्या बेटाच्या टोकाला ती जी लांब, पांढरी वाळूची पट्टी होती ना, ती गेली. विरघळून गेली. कासवं बिचारी दिवसभर अंडी घालायला जागा शोधत फिरली आणि शेवटी शाळेच्या अंगणात जाऊन बसली. मास्तरांनी शाळेला सुट्टी दिली.

मग दुसऱ्या सकाळी पुन्हा लाट उभी. "आज सांगा, तुमच्याकडे उगवतं काय आणि जगतं काय?"

प्रधानजी तापाने झोपले होते म्हणे. मग राजाच पुढे झाला. राजा झाडावर स्वतः चढणारा, त्याला सगळं ठाऊक. तो बोटांवर मोजत सांगायला लागला. नारळ, केळी, फणस, सुरण, अळू, मिरची. कोंबड्या, बकऱ्या, खेकडे, कासवं, वटवाघळं, पाली, मुंग्या लाल आणि मुंग्या काळ्या. सांगता सांगता त्याच्या तोंडाला फेस आला. "उद्या माणसं विचारीन," दर्या म्हणाला. लाट खाली बसली. सगळे एकमेकांकडे बघतायत, काय गेलं? काय गेलं? घरोघर शोधलं. काहीच गेलेलं दिसेना. मग संध्याकाळ झाली, दिवे लागले, आणि एका म्हाताऱ्याच्या लक्षात आलं.

"अरे, मला कुणी चावत कसं नाही?"

राजा डास विसरला होता! तिन्ही बेटांवरचे डास गेले. अगदी एकूण एक. मग काय आनंद झाला म्हणता! लोक अंगणात उघड्या अंगाने लोळले. एक सून तर सासूला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "उद्या माणसं विचारणार म्हणे. एखादं नाव विसरलं तर चालेल, नाही का?" सासू म्हणाली, "चालेल की. सांगायला मीच जाते."

पण हसू फार वेळ टिकलं नाही. कारण उद्या माणसांची पाळी. राजाने आवडाबाईला बोलावलं.

"आवडाबाई, माझ्याच्याने हे होणार नाही. मी काल डास विसरलो, उद्या माणूस विसरेन. तुमच्याशिवाय हे कुणाला जमायचं नाही."

"मला भाषण येत नाही, महाराज."

"भाषण नको. पाणी वाटता तशी माणसं सांगा."

मग तिसऱ्या सकाळी आवडाबाई किनाऱ्यावर उभी राहिली. मागे सगळं राज्य. लाट उभी राहिली आणि म्हणाली, "तुमची माणसं कोण?"

आवडाबाईने डोळे मिटले. विहिरीवर ज्या क्रमाने घागरी येतात, त्याच क्रमाने तिने सांगायला सुरुवात केली. पहिलं घर, दुसरं घर, तिसरं घर. कर्ती माणसं, म्हातारी, रांगती, पाळण्यातली. ज्याचं नाव येई तो मागे सुस्कारा सोडून खाली बसे. एका घराशी ती अडली. तिथे पाच दिवसांची मुलगी होती, बारसं झालं नव्हतं. आई रडवेली झाली. आवडाबाई म्हणाली, "रडतेस काय? ठेव आत्ता!" आईने घाबरत म्हटलं, "गोजिरी." "गोजिरी!" आवडाबाईने लाटेला ठणकावून सांगितलं. अशी तिने तीनशे बारा माणसं सांगितली. सासू सांगितली, सून सांगितली, राजासुद्धा सांगितला.

"संपली?" दर्याने विचारलं.

"संपली," आवडाबाई म्हणाली आणि तिने कपाळावरचा घाम पुसला.

"मग त्या सहा होड्यांतली चौदा माणसं माझी."

आवडाबाईच्या पायाखालची वाळूच सरकली. अहो, ती विसरली नव्हती. ती विसरेल होय? पण बाहेरच्या माणसांचं नाव घ्यायचं नाही, हे तिच्या हाडीमासी इतकं भिनलेलं, की जीभ आपोआप त्यांना वगळून पुढे गेली होती.

"नाही, थांब!" ती ओरडली. "ती पण आमचीच!"

"मग नावं सांग. लाट बसेपर्यंत वेळ आहे." आणि लाट वरून हळूहळू वाकायला लागली.

मागे एकच गलका झाला. म्हातारी भागाआजी काठी टाकून धावली आणि तिने आवडाबाईच्या तोंडावर हात ठेवला. "घेऊ नकोस गं नाव! नाव ऐकलं की तो हाक मारील. माझा नातू आहे त्यात!"

आता सांगा, काय करायचं? नाव घेतलं तर दर्या हाक मारील ही भीती. नाही घेतलं तर माणसं गेलीच.

आवडाबाईने भागाआजीचा हात हळूच बाजूला केला. "आजी, तुमच्या नातवाचं नाव मी नाही घेत. आधी माझ्या पोरीचं घेते. काही वाईट व्हायचं असेल तर ते आधी माझं होऊ दे. मग तुम्ही तुमचं बघा."

आणि तिने पाण्यात दोन पावलं टाकली. ती जिवाच्या आकांताने ओरडली, "मंजुळा! मंजुळा माझी आहे!"

लाट थांबली. वाकलेली होती तशीच थांबली. दर्याने काही हाक मारली नाही. पाणी आवडाबाईच्या पोटऱ्यांना लागून मागे गेलं, एवढंच.

मग भागाआजी तशीच काठीशिवाय पाण्यात शिरली. "सुभान! सुभान माझा आहे रे मेल्या!" मग एक बाप ओरडला, एक बायको ओरडली, दोन बहिणी एकदम ओरडल्या. अशी चौदाच्या चौदा नावं झाली. मास्तर बोटांवर मोजत होते. ते ओरडले, "झाली! सगळी झाली!"

तेव्हा दर्या हसला. केवढा हसला! किनारा सगळा फेसाने पांढरा झाला.

"अरे, वेड्या माणसांनो," तो म्हणाला, "तुमची माणसं माझ्याकडे येतात आणि मागे कुणी त्यांचं नावही घेत नाही. मला वाटायचं, यांना कुणी नाहीच. नको झालेली पाठवली असतील. हाक तर तुम्हीच मारायची असते ना!"

एवढं बोलून लाट खाली बसली. सावकाश बसली, गाय बसते तशी. आणि मागे गेली.

तरी आवडाबाई घरी गेली नाही. ती तिथेच ओल्या लुगड्याने बसून राहिली. राजाने स्वतः जाऊन विहिरीवर पाणी वाटलं, आणि तीन घरांना चुकीच्या घागरी दिल्या. दुपार कलली. मग धाकट्या बेटाच्या पलीकडे एक ठिपका दिसला. मग दोन. मग तीन. आवडाबाई उभी राहून मोजत होती. चार. पाच. पाचावर कितीतरी वेळ थांबलं सगळं. आणि मग सगळ्यांच्या मागून, मासळीने वाकलेली सहावी होडी आली. तांडेलाची होडी नेहमी शेवटीच असते, बरं का, कुणी मागे राहू नये म्हणून.

मंजुळा उडी मारून उतरली आणि म्हणाली, "आई, सकाळी वारा पडला होता. होड्या जागच्या हलेनात. पाणी आम्हाला उलटं ओढत होतं. मग एकदम घराकडे नेणारा वारा सुटला. तू मला हाक मारलीस का गं?"

आवडाबाईने मुलीला घट्ट धरलं, आणि मग भान आल्यावर म्हणाली, "केसांत केवढं मीठ झालंय! चल, आज तुला तीन घागरी."

तेव्हापासून त्या बेटांची रीत बदलली. होड्या निघाल्या की सगळे किनाऱ्यावर येतात आणि आपापल्या माणसाला नाव घेऊन मोठ्याने पुकारतात. इतका आरडाओरडा होतो की माडांवरची वटवाघळं उडतात. राजा सुखात आहे. प्रधानजींचा ताप उतरला. मंजुळा आणि आवडाबाई सुखात आहेत. कासवं अजून शाळेच्या अंगणातच अंडी घालतात, आणि मास्तर दर वर्षी सुट्टी देतात.

चला, तिथली सगळी माणसं घरी आली. आता तुम्हीही पांघरुणात या. पाय आत घ्या. डोळे मिटा बघू.