वाढीव नावांची यादी

आमच्या गावच्या स्मशानात चितेचे ओटे दोनच. तिसरी तिरडी आली की ती भर रस्त्यात उतरवावी लागे आणि मागे एसट्या तुंबत. माझे वडील गेले तेव्हा तेही दोन तास उन्हात रस्त्यावरच होते. म्हणून शेजारची पडीक जागा घेऊन आणखी दोन ओटे बांधावेत, असा अर्ज आम्ही नगरपरिषदेकडे केला.

नगरपरिषदेने नेमलेल्या वाहतूक सल्लागार राजोपाध्ये साहेबांनी तीन महिने स्मशानाकडे येणाऱ्या गाड्या मोजल्या आणि सुनावणीत अहवाल वाचला. "आज ओटे दोन आहेत आणि दिवसाला साठ गाड्या येतात. ओटे चार झाले की एकशेवीस येतील. रस्ता बंद पडेल. सबब अर्ज फेटाळावा."

नगराध्यक्षांनी मान डोलावली.

तेवढ्यात मागच्या बाकावरून स्मशान सांभाळणाऱ्या चंद्रभागाबाई उठल्या. "साहेब, ओटे दुप्पट झाल्यावर माणसंही दुप्पट मरणार असतील, तर त्या वाढीव माणसांची नावं आजच देऊन ठेवा. मी लाकडं रचून ठेवते."

पंच्याहत्तरीतल्या नगराध्यक्षांनी साहेबांकडे एकदा रोखून पाहिलं, अहवाल पालथा ठेवला आणि मंजुरीची सही केली.

गेल्या महिन्यात आई गेली. तिला रस्त्यात क्षणभरही थांबावं लागलं नाही. स्मशानातून निघताना मागे वळून पाहायचं नसतं, हे मला ठाऊक आहे. तरी फाटकाशी मी वळलो आणि चंद्रभागाबाईंना हात जोडले.