झाकणाची खाच

"आणि झाकण?"

"झाकणाचं काय?"

"टाकीला झाकण आहे का?"

"चाचा, मी वाम मागायला आलेय. माझ्या टाकीची काळजी मी घेईन."

दस्तगीरचाचांनी टबातला हात काढून लुंगीला पुसला.

मिरजेत घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांची पत्र्याची शेड होती. आत आठ-दहा काचेच्या टाक्या, मागे वाळू भरलेले तीन टब. नदीतली सापासारखी लांब वाम मासळी घरात कशी जगवायची, हे गावात त्यांच्याइतकं कुणाला कळत नव्हतं. शिकायला आलेल्याला ते काही शिकवत नसत. त्यामुळे शिकायला येणारे टिकत नसत.

"झाकण घेऊन ये," ते म्हणाले.

कल्याणी पाटोळे तणतणत गेली आणि तासाभराने झाकण काखेत मारून आली.

"हे घ्या. सातबाराही आणू का टाकीचा?"

चाचांनी झाकण मांडीवर घेतलं. जुनं, पत्र्याचं. एका कडेला हवेच्या नळीसाठी कापलेली खाच होती, करंगळी जाईल एवढी. त्या खाचेवरून त्यांनी अंगठा फिरवला.

एकदा. मग पुन्हा एकदा...

"कुठं मिळालं तुला हे?"

"भंगारात. भंगारवाला टाकीत खिळे ठेवत होता. कोपऱ्यात पंक्चरचं रबर चिकटवलेलं दिसलं आणि ओळखली. माझ्या बाबांची टाकी आहे."

"एस.टी.च्या टायरचं रबर."

"हो."

"अजून धरून आहे?"

"भरून पाहिली. एक थेंब गळत नाही."

चाचांनी पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं.

"दिनकरची पोर तू. डेपोतल्या दिनकरची."

"हो."

"मोठी झालीस."

"दहा वर्षांत माणसं होतात मोठी, चाचा. आता वाम दाखवा. बाबांकडे होती तशीच हवी."

"तशीच कशाला?"

"माझं मी बघेन."

चाचा गप्प बसले. गप्प बसायला त्यांना काही लागत नसे. कल्याणीला मात्र ते जमत नव्हतं.

"बाबा पहिल्या पाळीहून आले की दुपारी झोपायचे," ती म्हणाली. "दिवेलागणीला उठायचे. चहा घेऊन टाकीसमोर बसायचे, आणि मी शेजारी. टीव्ही बंद. त्यांच्या हाताला रबराचा वास यायचा. मी आठ वर्षांची असल्यापासून बाबा जाईपर्यंत, रोज. एवढंच हवंय मला परत. झालं समाधान?"

"बघ तिकडं," चाचांनी टबांकडे बोट केलं. "निवड."

पहिल्या टबात हातभर लांबीची तपकिरी वाम पाइपातून तोंड काढून होती. दुसऱ्यातली लहान होती. शेपटीवर डोळ्यांसारखे चार ठिपके, आणि ती भर उजेडात वाळूवर पसरली होती. तिसऱ्या टबात नुसती वाळू.

"ही," कल्याणीने दुसरा टब दाखवला.

"का?"

"दिसते तरी. माझ्याकडे बघतेय."

"आजारी आहे. खडीच्या टाकीत ठेवली होती कुणीतरी, पोट सोलून निघालंय. वाळूत शिरता येत नाही म्हणून वर पडलीय. तुझ्याकडे बघायला नव्हे."

ती ओशाळली. मग ओशाळल्याचा राग आला.

"मला माशांतलं कळतं, चाचा. प्राणिशास्त्रात पहिला वर्ग आहे माझा. ती पहिल्या टबातली, तिचं शास्त्रीय नाव पण सांगते."

"सांग."

"मॅस्टासेम्बेलस आर्मेटस."

"छान. हाक मार त्या नावानं. येते का बघ."

"तुम्ही म्हातारी माणसं सरळ का बोलत नाही हो कधी?"

"सरळ सांगतो. ती तुझ्या टाकीत मावायची नाही. वर्षात दीड हात होईल."

"मग राहिलं काय? तिसऱ्यात तर काहीच नाही."

"वाळू आहे."

"वाळू मला पण दिसतेय!"

चाचा हसले. जुन्या स्पंजचा तुकडा घेऊन ते कात्रीने कापू लागले. कापता कापता म्हणाले,

"दिनकरची वाम कुठल्या रंगाची होती?"

"तपकिरी... पिवळट. चाचा, तुम्हीच दिली होती ना? तुम्हालाच ठाऊक."

"मला ठाऊक आहे. तुला विचारतोय."

तिने नजर टबांकडे वळवली.

"मग तिचं झालं काय?" चाचांनी विचारलं.

"काकांनी मारली." हे मात्र ती झटकन बोलली. "बाबांचं तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी टाकी विकली. मी आजोळी होते. आले तर स्टूल रिकामं. वाम कुठंय विचारलं, तर म्हणतात कसे, 'कसली वाम? नुसती वाळू होती.' गटारात ओतली असणार जिवंत. दहा वर्षं झाली, त्यांच्या घरी मी पाणी पीत नाही."

कात्री थांबली.

"तुझा काका खरं बोलला, पोरी."

"काय?"

"झाकणाला खाच आहे. मी दिनकरला सांगितलं होतं, आधी ती बुजव, मग वाम सोड. वामीला करंगळीएवढी वाट पुरते. तो म्हणाला, उद्या बुजवतो. आठव्या दिवशी कपाटामागं सापडली त्याला. वाळून काडी झालेली."

"कोणत्या आठव्या दिवशी?"

"टाकी घरी नेली त्याच्या आठव्या दिवशी."



"खोटं आहे," कल्याणी म्हणाली. "बाबा रोज गांडूळ टाकायचे. सकाळी ते नसायचं. मी बघायचे ना उठल्यावर!"

चाचांनी दाराजवळच्या अबोलीच्या कुंडीकडे बोट दाखवलं.

"पहाटे डेपोत जाताना काढून घ्यायचा. इथं थांबायचा, त्या कुंडीत टाकायचा, जायचा. चार वर्षं. तेव्हापासून अबोलीला कधी खत घालावं लागलं नाही."

कुंडी फुलांनी भरलेली होती.

"म्हणजे फसवलं मला त्यांनी." तिचा आवाज चढला. "रिकाम्या टाकीपुढे बसवून ठेवलं! आणि तुम्ही सगळी मोठी माणसं त्यात सामील!"

"मी म्हटलं त्याला, पोरीला सांगून टाक. नाहीतर दुसरी वाम ने."

"मग?"

"म्हणाला, 'कसं सांगू, चाचा? तिला रोज दिसते.'"

चाचांनी कात्री बाजूला ठेवली.

"दिसायची ना तुला?" चाचांनी विचारलं.

ती टबाशेजारच्या पिंपावर बसली. झाकण तिने मांडीवर ओढून घेतलं.

"बाबा विचारायचे," ती म्हणाली. "'दिसली का गं?' रोज विचारायचे. आणि असे बघायचे माझ्याकडे... मी म्हणायचे, दिसली. आत्ता शेपटी हलली, म्हणायचे. मग त्यांचा चेहरा उजळायचा. चहा आणखी घोटभर घ्यायचे, आणि आम्ही आणखी बसायचो."

"आणि?"

"मला कधीच दिसली नाही, चाचा. एकदाही नाही."

चाचांनी मान हलवली. आश्चर्य वाटल्यासारखी नाही. खूप दिवस हरवलेली वस्तू जागच्या जागी सापडावी, तशी.

"खाच तरी नंतर का नाही बुजवली त्यांनी?"

"मी विचारलं होतं. म्हणाला, 'इतकं सांगते पोर, असेलही एखादी. येऊ-जाऊ दे.'"

कल्याणी रडली नाही. नाक मात्र तिने ओढणीला दोनदा पुसलं. मग चाचांच्या हातातून स्पंजचा तुकडा घेतला आणि खाचेत दाबून बसवला. घट्ट बसला. बोटाने ढकलून पाहिला. हलला नाही.

"काकांकडे जायला हवं," ती स्वतःशीच म्हणाली.

चाचांनी ते ऐकलं की नाही, कळलं नाही. त्यांनी पिंपाशेजारी आणखी एक डबा उपडा केला आणि चहाचा कप घेऊन त्यावर बसले. दोघंही तिसऱ्या टबासमोर आली. चाचांनी टबावरचा दिवा बंद केला.

वाळू बारीक होती, नदीची. कुठे कुठे किंचित वर आलेली. पाणी स्थिर.

बाहेर रस्त्यावरून एक एस.टी. गेली. काचा थरथरल्या. दोघांपैकी कुणीही मान वळवली नाही.

चाचांच्या चहावर साय धरली. कल्याणीचा मोबाइल दोनदा वाजला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा तिने तो न बघताच बंद केला. पाय आखडले, तरी ती उठली नाही. घाटाकडची उन्हं पत्र्यावरून उतरली. शेडमध्ये ओल्या वाळूचा वास होता, आणि कुठूनतरी, हवेच्या पंपाच्या नळीचाच असेल, थोडा रबराचा.

एकदा वाळू हलल्यासारखी वाटली. ती पुढे वाकली...

काही नव्हतं.

"दिसली का गं?" चाचांनी हळूच विचारलं.

कल्याणीने त्यांच्याकडे पाहिलं. मग पुन्हा वाळूकडे.

"नाही."

"आता ने यातली."