लांबत गेलेला गोफ

एका ओढ्याकाठी मातीचे टेकाड होते आणि त्याच्या पोटात उंदरांचा मोठा गोतावळा नांदत होता. त्यांची एक रीत होती. पिल्लू बीळ खणण्याजोगे झाले, की म्हातारी उंदरीण लव्हाळ्याचा गाठीगाठींचा गोफ विणून त्याच्या गळ्यात घालायची. एक बीळ खणून झाले, की गोफाची एक गाठ कुरतडून टाकायची. गाठी संपल्या, की खणणेही संपले. मग धान्य निवडायचे आणि बाळंतिणीच्या बिळात पिल्ले सांभाळायची. टेकाडाची माती किती बिळे पेलेल, हे जुन्या उंदरांना पक्के ठाऊक होते. गोफ विणायला तसे सगळ्यांनाच येत असे, पण तो एकदा गळ्यात पडला, की विणायला पंजा लावायचा नाही, असा दंडक होता. विणकाम चालायचे ते फक्त बाळंतिणीच्या बिळात.

मुलांनो, तुमच्या-आमच्या अंगातल्या पेशींचेही काहीसे असेच असते बरे का! पेशी दुभंगली, की तिच्या गुणसूत्रांची टोके थोडी झिजतात, आणि ती फार झिजली, की दुभंगणे थांबते. ती टोके पुन्हा वाढवणारे टेलोमरेज नावाचे विकर, म्हणजे एन्झाइम, बहुतेक पेशींत गप्प असते. कर्करोगाच्या पेशी बहुधा त्यालाच जागे करतात. असो, आपण उंदरांकडे वळू.

तर त्या गोतावळ्यात एक उंदीर खणण्यात भारी पटाईत होता, आणि त्याचा त्याला तोराही होता. त्याच्या गोफाला एकच गाठ उरली, तेव्हा उद्यापासून धान्य निवडत बसायचे या विचारानेच त्याचे तोंड कडू झाले. तो गुपचूप ओढ्यावर गेला, लव्हाळा तोडला आणि गोफाला दहा गाठी जोडून आला. त्या संपल्यावर आणखी वीस जोडल्या.

काठावरच्या खेकड्याने ते पाहिले. "काय रे, काल तुझा गोफ संपत आला होता. आज पोटाखाली लोंबतोय?"

"मामा, माझे दात अजून शिवशिवतात. धडधाकट असताना गप्प का बसू?"

"दात तुझे शिवशिवतात, पण पोखरलं जातंय ते टेकाड," खेकडा म्हणाला.

उंदराने शेपटी झटकली आणि तो कामाला लागला. त्याच्या बिळांत राहायला कोणी नव्हते. पण थांबणे आता त्याला जमेना. इतके खणायचे तर भूकही तशीच लागे, म्हणून शेजाऱ्यांच्या कोठारातले दाणे तो बिनदिक्कत फस्त करू लागला. धान्याच्या कोठाराला वळसा घालून, शेजाऱ्यांच्या भिंती फोडून, तो बाळंतिणीच्या बिळाखालून खणत गेला. त्याची स्वतःची चार पिल्लेही तिथेच होती, पण वर काय आहे हे पाहायला त्याला सवड कुठे होती?

एका दुपारी त्या बिळाची जमीन खचली आणि छत खाली आले. पिल्लांचे चित्कार ऐकून उंदीर धावला. पण खाली इतक्या वाटा झाल्या होत्या, की स्वतःच खणलेल्या बिळांत त्याला वाट सापडेना. गोफ संपलेले म्हातारे उंदीर जवळच होते. त्यांनी माती उकरून एकेक पिल्लू तोंडात धरून बाहेर आणले. उंदराच्या चारांपैकी तीन बाहेर आली. चौथे कितीही उकरले तरी सापडले नाही.

उंदीर ऊर फुटेस्तोवर रडला. मग गळ्यातला गोफ त्याने दातांनी ओरबाडून काढला आणि तो ओरडला, "आजी, हे विणणंच बंद करा! काठावरचा सगळा लव्हाळा उपटून टाका!"

म्हाताऱ्या उंदरिणीने मातीने माखलेली ती तीन पिल्ले पोटाशी घेतली आणि विचारले, "मग मोठी झाल्यावर यांच्या गळ्यात काय घालू?"

तात्पर्य : ज्या शक्तीने घर वाढते, तीच मोकाट सुटली तर घर पाडते, तरी ती शक्ती मारून टाकायची नसते, तिला तिची जागा आणि वेळ नेमून द्यायची असते.